हिऱ्यांची सीतादही

मी नेमकं काय काम करते, हे आईला समजावून सांगायला मला बराच काळ लागला. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ती एवढंच सांगायची, "पोरगी यवतमाळले हिऱ्याच्या कारखान्यात हाय." ऐकणारी बाई लगेच माझ्या कानांकडे बघायची, मग बोटांकडे. तिथे काहीच चमकत नाही असं दिसलं की तिचा चेहरा उतरायचा. "एखांदा तरी घालत जाय व," असं एका शेजारणीने मला मनापासून सुचवलंही होतं.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अकरावीत कॉमर्सच्या सरांनी आयात-निर्यातीचा धडा शिकवताना फळ्यावर जहाज काढलं होतं. वर्गात कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनीही पाहिलेला नसावा, कारण जहाजाला त्यांनी एसटीसारख्या खिडक्या काढल्या होत्या. पण त्या जहाजावर माल चढवायला कोणकोणते कागद लागतात, ते त्यांनी इतकं जीव लावून शिकवलं की पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला एकही प्रश्न अडला नाही. आजही निर्यातीचे कागद तयार करताना ते खिडक्यांचं जहाज माझ्या डोळ्यांपुढे येतं. हिरे जहाजाने जात नाहीत, विमानाने जातात, हे मात्र मी सरांना अजून सांगितलेलं नाही. सांगवत नाही.

तर काम असं. आपल्या देशात घासले जाणारे बहुतेक हिरे बाहेरून येतात. कच्च्या हिऱ्याला धंद्यात 'रफ' म्हणतात. तो दिसायला अगदी साधा, धुरकट. तो येताना सोबत एक प्रमाणपत्र यावं लागतं, की हा दगड कुठल्या लढाईला पैसा पुरवण्यासाठी काढलेला नाही. मग तो इथे घासला जातो, त्याला पैलू पडतात आणि तो परत बाहेर जातो. येताना आणि जाताना त्याचं वजन, वर्णन, किंमत सगळं कागदावर तंतोतंत असावं लागतं. ते कागद मी करते.

"म्हणजे जिनिंगसारखं समज," मी आईला म्हटलं. "कापूस आत येतो, साफ होतो, गाठी बाहेर जातात."

आई म्हणाली, "पन जिनिंगवाले कापूस त आपला घेते. तुमी दगड बी बाहेरूनच आनता? इथं काय दगडाची कमी हाय?"

आमचा कारखाना यवतमाळच्या एमआयडीसीत, एका जुन्या कापसाच्या गोदामात. शेठ मूळ सुरतचे, पण त्यांचे सासरे इथले कापसाचे व्यापारी. सासऱ्यांचं गोदाम रिकामं पडलं होतं. त्यात जावयाने वरच्या मजल्यावर घंट्या बसवल्या. घंटी म्हणजे जिच्या फिरत्या लोखंडी चकतीवर हिरा घासतात ती. खाली उत्तरेच्या खिडकीशी निवडीचं लांब टेबल. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून हिरा त्याच उजेडात बघायचा असतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की भिंतींना अजूनही सरकीचा वास येतो.

निवडीच्या टेबलावर सगळ्यांत मोठ्या म्हणजे काकू. त्या मूळच्या वणीच्या. त्यांचे मालक कोळशाच्या खाणीत होते. निवृत्त झाल्यावर दोघं यवतमाळला आले. काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं, नवीन बाई कामाला आली की ते व्हायचंच. "आमच्या यायनं जिंदगीभर कोळसा काढला, अन् मी हिरे निवडतो. शाळेच्या पुस्तकात दोन्ही एकच हाय म्हनते. मंग माह्या हातले कायं काहून लागत नाही?"

तेव्हापर्यंत आम्ही फक्त मजुरीवर काम करायचो. रफ सुरतच्या कार्यालयातून यायचा आणि घासून सुरतलाच जायचा. तिथून तो कुठल्या देशात जातो, ते आम्हाला कळायचंही नाही. शेठच्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की एवढ्या लांब कारखाना ठेवून उपयोग काय, घंट्या उचलून सुरतला आणाव्यात. शेठनी एक संधी मागून घेतली. बेल्जियममधल्या अँटवर्पला, हिऱ्यांच्या मोठ्या बाजारात, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ओळख असलेली एक वयस्कर व्यापारी बाई होती. ती एक माल थेट यवतमाळहून बघायला तयार झाली. तिने तो ठेवून घेतला, तर पुढे रफ आमच्याच नावाने येणार, माल आमच्याच नावाने जाणार. तिने तो परत पाठवला, तर घंट्या ट्रकमध्ये चढणार.

शेठनी हे कुणापासून लपवलं नाही. वरच्या मजल्यावर घंट्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं. घंट्या सुरतला जाऊ शकत होत्या. आमच्या बायका जाऊ शकत नव्हत्या. कुणाची पोरं इथल्या शाळेत, कुणाची सासू अंथरुणावर, कुणाचं कपाशीच्या चार पराट्यांचं वावर.

"आमाले बी ट्रकात टाका शेठ, घंट्यांवर बसून येतो," काकू म्हणाल्या. एरवी सगळ्या हसल्या असत्या.

पुढचे दिवस मात्र मी विसरणार नाही, इतके सुंदर होते. असं काम मी त्या कारखान्यात त्याआधी पाहिलं नव्हतं. वरच्या बायका एकेक पैलू घासून भिंगाखाली धरत, शेजारणीला दाखवत, पुन्हा घासत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून बसल्या तरी बोलणं हिऱ्याचंच. शेठ सारखे जिन्यावरून वर-खाली करायचे आणि काकू त्यांना म्हणायच्या, "शेठ, तुमी बसा एका जागी. तुमच्या पायाच्या धुळीनं हिरे मळून राह्यले."

माल तयार झाला तो दसऱ्यानंतर. त्याच दिवशी सकाळच्या एसटीने आई आली. आदल्या दिवशी आमच्या वावरात पहिली वेचणी झाली होती, आणि पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. पराटीखाली सात खडे मांडायचे, त्यांना हळद-कुंकू लावायचं, नव्या कापसाचं वस्त्र करून घालायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तोच दहीभात वावरात शिंपडायचा. मग पिकाला हात लावायचा. लहानपणी मला वाटायचं, ते सात खडे म्हणजे आमच्या वावराची माणसं आहेत, त्यांना आधी जेवू घालतात. आजही मला तसंच वाटतं.

आई दहीभाताचा मोठा डबा घेऊन आली होती, आणि पदराच्या गाठीत पहिल्या वेचणीचा कापूस. डबा टेबलावरच्या बायकांनी संपवला. आई त्यांच्यात अशी बसली, जणू रोजचीच.

"काय व, तुमच्या मालाची सीतादही केली का नाही?" तिने मला विचारलं.

"आई, हिऱ्याला दही लावता येत नाही. वजन बदलतं."

"कापसाले लावतो त त्याचं वजन बदलत नाही?"

बायका हसायला लागल्या. काकू म्हणाल्या, "बरोबर बोलते तुयी माय. पयला माल इलायतेले चालला अन् तसाच कोरडा?"

मी म्हटलं, "काकू, हे परदेशाचं काम आहे. जे कागदावर आहे तेवढंच आत पाहिजे." आणि बीजकाची प्रत काढायला मी आतल्या खोलीत गेले.

हिऱ्यांची पुडी बांधणं हे पाहण्यासारखं काम आहे. बाहेरून पांढरा कागद, आत निळसर झुळझुळीत अस्तर. घड्या ठरलेल्या. डिंक नाही, दोरा नाही, तरी पुडीतून हिऱ्याचा कण सांडत नाही. काकू पुडी बांधायच्या तेव्हा लाडूचा घास भरवल्यासारख्या बांधायच्या. मी परत आले तेव्हा सगळ्या पुड्या बांधून डबीत ठेवलेल्या होत्या. मी आकड्यांवरून नजर फिरवली, डबीला मोहर लागली, माल मुंबईला गेला आणि तिथून कस्टम्सची पायरी ओलांडून विमानात बसला. आई दुपारच्या गाडीने गावाला गेली. पदराची गाठ सुटलेली होती, ते माझ्या लक्षात आलं नाही.

मग वाट बघणं. शेठ देवाला नारळ बोलून आले. वरच्या मजल्यावर मजुरीचं काम चालू होतं, पण माझा फोन वाजला की घंट्यांचा आवाज कमी व्हायचा.

एका दुपारी शेठ स्वतःच्या खोलीतून बाहेर आले. चेहरा पांढरा. त्यांच्या हातातल्या फोनवर अँटवर्पहून निरोप आला होता. हिऱ्यांवर तेलकट झाक आहे, तेज दिसत नाही. आणि एका पुडीत एक तपकिरी दगड निघाला, जो यादीत नाही. सोबत त्या दगडाचा फोटो.

"बेन, देखो तो," शेठ मला म्हणाले. "ये ब्राउन रफ कहाँ से आया? किसी ने माल बदला क्या?"

या धंद्यात 'माल बदलला' याहून वाईट शब्द नाही. हिरा मुठीत मावतो, म्हणून सगळा व्यवहार विश्वासावर चालतो. टेबलावरचे चिमटे जिथल्या तिथे थांबले. प्रत्येकीने आपापल्या समोरच्या पांढऱ्या कागदाकडे बघितलं. जिन्यावर वरच्या बायका येऊन उभ्या राहिल्या.

मी फोन हातात घेतला. फोटो मोठा केला. लंबगोल, तपकिरी, एका टोकाला निमुळता. आणि कडेला अगदी बारीक पांढरी लव.

मला हसू आलं. मी थांबवायचा प्रयत्न केला, पण ते थांबेना.

"शेठ," मी म्हटलं, "ही सरकी आहे."

"क्या?"

"सरकी. कापसाचं बी."

मग काकूंनी चिमटा खाली ठेवला. "म्या ठेवला कापूस," त्या म्हणाल्या. "तुह्या मायनं देल्ला. दही नोको म्हनली तू, म्हनून दही नाही ठेवलं. प्रत्येक पुडीत कापसाचं एक बोटूक ठेवलं, सीतादहीचं. सरक्या काढल्या होत्या व मी. एक राह्यली असंन." आणि मग शेठकडे वळून, "पन शेठ, सासरा तुमचा कापसाचा यापारी, अन् जावयाले सरकी वयखू येत नाही?"

जिन्यावरून पहिलं हसू फुटलं. शेठ हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माल बदललेला नाही ना? बस." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. नंतर आम्ही सीसीटीव्ही कॅमेऱ्यातलं चित्र लावून पाहिलं. काकू प्रत्येक वेळी कापूस आधी कपाळाला लावत होत्या, मग पुडीत ठेवत होत्या, आणि शेजारच्या बायका हात जोडून बसल्या होत्या. आई टेबलाच्या टोकाशी डबा मांडीवर घेऊन, मोठ्या कामावर देखरेख करावी तशी.

तेलकट झाकेचाही उलगडा झाला. कच्च्या कापसाच्या धाग्याला नैसर्गिक मेण असतं. ते हिऱ्यांना लागलं होतं. पुडीतला कापूस मात्र तिकडे पॅकिंगचाच समजला गेला होता. पण हे तिकडच्या बाईला सांगायचं कसं? आणि सांगितलं, तर ती काय म्हणेल? ज्या कारखान्यात हिऱ्यांच्या पुडीत शेतातला कापूस घालतात, त्याला ती पुन्हा काम देईल?

शेठ म्हणाले, "बेन, तू बोल. तुझं इंग्लिश चांगलं आहे." माझं इंग्रजी राळेगावच्या शाळेतलं. पण त्या वेळी त्या इमारतीत तेच सगळ्यांत चांगलं होतं.

व्हिडिओ कॉल लागला. पांढरे केस, साखळीला अडकवलेला चष्मा, मागे मोठी खिडकी. बाईंच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. त्यांनी विचारलं, हे तेल कुठून आलं?

मी सांगायला लागले. आमच्या भागात कापूस पिकतो. पहिली वेचणी करण्याआधी आम्ही शेताला दहीभात देतो. हा माल आमची पहिली वेचणी होती. म्हणून आमच्या बायकांनी...

"पुडीत दही घातलं?" बाईंचा चष्मा नाकावरून घसरला.

"नाही, नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. "फक्त कापूस!"

मागून काकूंनी विचारलं, "काय म्हनून राह्यली थे?"

"पुडीत दही होतं का म्हणतात."

"तिले सांग, दही आमी खाल्लं."

आता हे सांगावं की नाही, मला कळेना. शेवटी मी सांगितलं, शब्दशः. मग त्या बाई हसल्या. छोटंसं, पण खरं हसू. मग लगेच गंभीर होऊन त्यांनी समोरच्या ट्रेमधला एक हिरा चिमट्याने उचलला, स्पिरिटमध्ये बुडवला, कापडाने पुसला आणि डोळ्याला भिंग लावलं.

वरच्या मजल्यावरच्या घंट्या कुणीतरी बंद केल्या होत्या. आम्ही सगळ्या त्या एका हाताकडे बघत होतो. एक हिरा झाला, दुसरा घेतला. ज्या बायकांनी ते घासले होते त्या जिन्यावर एकमेकींचे खांदे धरून उभ्या होत्या. त्यांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी परदेशात तपासतंय, हे याआधी कधी झालं नव्हतं. आतापर्यंत हिरा सुरतला गेला की संपलं. काकू ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. शेठ भिंतीकडे तोंड करून उभे.

बऱ्याच वेळाने बाईंनी भिंग काढलं. त्या जे बोलल्या, ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे, कारण मला मोठ्याने मराठीत सांगायचं होतं.

"कापसामुळे मी माल परत पाठवणार नाही," मी सांगितलं, "आणि कापसामुळे ठेवतही नाही. घासणं चांगलं आहे. माल ठेवते. पुढच्या वेळी कापूस पुडीच्या बाहेर ठेवा."

पुढच्या वेळी! जिन्यावर एकच कल्ला झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी रडायला लागली. शेठ भिंतीकडून वळले ते थेट माझ्या डोक्यावर हात ठेवायला, आणि मग काकूंना हात जोडायला. काकू म्हणाल्या, "आता हसा तरी शेठ." तेव्हा शेठ हसले, पोट धरून. बाई अजून पडद्यावरच होत्या. त्यांनी विचारलं, या बियाचं मी काय करू?

मी नियम सांगितला. परदेशातून आलेलं बी पेरू नये. त्या म्हणाल्या, त्यांनाही माहीत आहे. त्या ते काचेच्या डबीत घालून टेबलावर ठेवणार होत्या. मी आजवर शेकडो कागद केले. कागदावर न येता आमच्या कारखान्यातून देशाबाहेर गेलं ते एवढंच, तो कापूस आणि त्यातली ती एक सरकी.

दिवाळीनंतर आमच्या नावाने पहिला रफ आला. मुंबईहून डबी घेऊन गाडी फाटकात शिरली तेव्हा शेठनी ती तिथेच थांबवली. त्यांनी मला आधीच निरोप देऊन ठेवला होता, आईला बोलवून घे. आई पुन्हा डबा घेऊन आली होती. फाटकाशी गवतात तिने सात खडे मांडले, हळद-कुंकू लावलं, कापसाचं वस्त्र घातलं. डबी शेठच्या हातात, बंदच. काकूंनी नैवेद्य दाखवला. मग आईने मूठभर दहीभात घेऊन कारखान्याच्या दिशेने असा उडवला की निम्मा शेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. शेठ म्हणाले, "चालेल, मीपण पहिलाच माल आहे इथला."

मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, गवतात उकिडवे बसले आणि त्या सात खड्यांमधला एक उचलून डोळ्याशी धरला. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या.

"कलर चांगला आहे," शेठ म्हणाले. "चमक नाही. पण माल आपला आहे, परत पाठवायचा नाही."

डबी आत नेऊन उघडली, वजन केलं, कागदाशी ताडून पाहिलं. मग आईला मी रफ दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "हे?" ती म्हणाली. "हे त तुरटी हाय."

संध्याकाळी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. राळेगावची गाडी लागलेली होती. शेजारी बसलेल्या बाईने माझ्याकडे बघून आईला विचारलं, "पोरगी काय करते व तुयी?"

आईने रिकामा डबा मांडीवर नीट ठेवला. माझ्या कानांकडे त्या बाईची नजर जायच्या आत ती बोलू लागली. "बाहेरच्या देशातून दगड येते. आमच्या बायका त्यायले घासते. अन् माही पोरगी थे कागद लावून परत पाठोते. अँटवर्पले." गावाचं नाव तिने अगदी बरोबर घेतलं. मग थोडं थांबून म्हणाली, "कापूस आमच्या वावरातला हाय."